रोड बाईक एवढ्या महाग का झाल्या?

घाटवेडा
नमस्कार मंडळी,
जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. यूसीआयच्या (सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना) २.२ श्रेणीची, टप्प्याटप्प्यांची अशी शर्यत भारतात पहिल्यांदाच झाली, आणि तीही आपण रोज ज्या रस्त्यांवर पेडल मारतो तिथे. तेव्हापासून आमच्या सकाळच्या ग्रुपमध्ये नवीन मुलंमुली येताहेत. खूप छान वाटतं. पण पंधरा दिवसांत ती विचारतात, "त्या रेसर्सच्या सायकलींची किंमत काय असते?" आकडा सांगितला की चेहरे पडतात.

उदाहरणच द्यायचं तर स्पेशलाइज्डची एस-वर्क्स टारमॅक एसएल८. २०२३ मध्ये ती अमेरिकेत साधारण १४,००० डॉलरला आली. तेव्हा डॉलर ८३ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे कर, वाहतूक, दुकानदार हे सगळं सोडून साडेअकरा लाख. भारतात आल्यावर काय होतं ते आपण जाणतोच.

माझा प्रश्न सरळ आहे. दोन चाकं, एक चेन, इंजिन नाही. तरी किंमत एवढी का? आणि गेल्या दहा-बारा वर्षांत ती एवढी चढली का? "कंपन्या लुटतात" एवढ्यावर माझं समाधान होत नाही. ज्यांना आतलं माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहा.

तात्पुरता
दोन लाखांच्या आसपास बुलेट येते. इंजिन, गिअरबॉक्स, टाकी, सेल्फ-स्टार्ट सगळं धरून. हे कोडं मला आजवर कोणी सोडवून दिलेलं नाही.

रानवारा
धागा वाचतोय. मलाही हाच प्रश्न आहे.

आकडेमोड
तात्पुरता, तुमच्या प्रश्नाचं उत्तर संख्येत आहे. रॉयल एनफिल्डने २०२४-२५ ह्या आर्थिक वर्षात दहा लाखांहून जास्त गाड्या विकल्या. डिझाइन, साचे, चाचण्या, रोबोट ह्या सगळ्यांचा खर्च त्या लाखो गाड्यांवर वाटला जातो. सगळ्यात वरच्या रोड बाईकच्या एखाद्या मॉडेलचा जगभरचा खप त्याच्या जवळपासही जात नाही. त्यात एका मॉडेलचे सहा-सात साइज, प्रत्येक साइजचा साचा वेगळा, आणि तीन-चार वर्षांत सगळं मोडीत काढून नवीन मॉडेल.

दुसरं, ही तुलनाच वेगळ्या पातळ्यांवरची आहे. मोटोजीपीत धावणारी गाडी तुम्हाला विकत मिळत नाही. सायकलमध्ये मात्र यूसीआयचा नियम आहे की शर्यतीत वापरलेलं सामान सर्वसामान्यांना विकत घेता आलं पाहिजे. टूर द फ्रान्सवाला पोगाचार ज्या कोलनागो कंपनीच्या सायकलवर बसतो ती तुम्ही पैसे मोजून घेऊ शकता. म्हणजे जगातली अव्वल रेसिंग मशीन आपण दुकानात बघतो आणि तिची तुलना रोजच्या वापराच्या मोटरसायकलशी करतो.

तात्पुरता
हे पटलं. निदान पहिल्यांदा कोणीतरी नीट समजावलं.

कार्बनकण
मी भोसरीत कंपोझिटच्या कामात आहे. आम्ही सायकली बनवत नाही, पण फ्रेम ज्या पद्धतीने बनते ती पद्धत हाताखालची आहे, म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

लोकांना वाटतं कार्बन फ्रेम म्हणजे प्लॅस्टिकच्या बादलीसारखी साच्यातून पटापट बाहेर पडते. तसं नाही. कापड येतं ते प्रीप्रेग म्हणून, म्हणजे कार्बनच्या धाग्यांत रेझिन आधीच भरलेलं असतं. ते फ्रीझरमध्ये, शून्याखाली साधारण १८ अंशांवर ठेवावं लागतं, नाहीतर आपोआप घट्ट व्हायला लागतं. बाहेर काढलं की घड्याळ सुरू. मशीनवर त्याचे तुकडे कापतात. एका फ्रेमला असे शेकडो तुकडे लागतात, काही तळहाताएवढे, काही बोटाएवढे. कोणता तुकडा कुठे, कोणत्या कोनात, कितव्या थरात, हे सगळं ठरलेलं असतं. आणि ते लावतं कोण? माणूस. हाताने. एकामागून एक कागद सोलायचा, तुकडा बसवायचा, बोटाने हवा काढत दाबायचा. खालच्या ब्रॅकेटपाशी (पेडलचा आस बसतो ती जागा), जिथे चार नळ्या एकत्र येतात, तिथे एक तुकडा सरकला की ती फ्रेम पुढे त्याच जागी तडकते.

मग आत फुगा घालून साचा बंद करायचा, दाब द्यायचा, ओव्हनमध्ये भाजायचं. बाहेर आल्यावर घासकाम, भोकं, बेअरिंगच्या जागा, तपासणी, रंग. फ्रेम जितकी हलकी, तितकी भिंत पातळ, आणि तितकं रद्दीत जाणाऱ्या मालाचं प्रमाण जास्त. एसएल८ च्या ५६ साइजच्या फ्रेमचं वजन कंपनीने ६८५ ग्रॅम सांगितलंय. एवढ्या वजनात चुकीला जागाच उरत नाही.

धाग्याचीही प्रतवारी असते. तोरे ही जपानी कंपनी ह्यातली मोठी. बोइंग ७८७ मध्ये तिचंच फायबर आहे. जास्त कडक फायबर घेतलं की कमी मालात तेवढाच ताठपणा मिळतो, पण ते महाग असतं आणि ठिसूळही, म्हणून सगळीकडे वापरता येत नाही. मिश्रण करावं लागतं, आणि ते मिश्रण ठरवायला इंजिनिअर लागतात.

हे सगळं खरं असलं तरी माझं प्रामाणिक मत असं की कारखान्यातून निघतानाची फ्रेमची किंमत ही शोरूमच्या किमतीचा लहान हिस्सा आहे. मेहनत आहेच, पण दहा-बारा लाखांचा हिशोब नुसत्या मेहनतीने जुळत नाही.

मेधा_कोथरूड
कार्बनकण, अप्रतिम प्रतिसाद. हे असं कोणी सांगतच नाही.

सायकलकाका
आमच्या तरुणपणी पुणं सायकलींचं शहर होतं. सकाळी कॉलेजला, कारखान्याला, हाफिसला सगळे सायकलवर. महापालिकेचा कराचा बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसला तर पोलीस चाकातली हवा सोडत. डबलसीट पकडलं तर वेगळंच. सायकल घरात एक, आणि ती वडील, मोठा भाऊ, मग धाकटा अशी वापरली जाई. ॲटलस, हर्क्युलीस, रॅले ही नावं. त्या सायकली पंक्चर सोडलं तर काही मागत नसत.

२०२० साली जागतिक सायकल दिनाच्या दिवशीच, ३ जूनला, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. त्या दिवशी मला खरोखर वाईट वाटलं. इकडे दहा लाखांची सायकल आणि तिकडे सामान्यांची सायकल बनवणारा कारखाना बंद. ह्या दोन गोष्टी एकाच काळातल्या आहेत, हे तरुणांनी लक्षात ठेवावं.

रानवारा
काका, बिल्ल्याची गोष्ट आजोबांकडून ऐकली होती. असले जुने बिल्ले कर्वेनगरच्या सायकल संग्रहालयात बघायला मिळतील असं वाटतं. कोणी गेलंय का?

सायकलकाका
गेलोय. नातवाला घेऊन जावं अशी जागा आहे. अख्खी दुपार हाताशी ठेवा.

चेनऑइल
मूळ मुद्द्यावर येतो. कार्बनकण यांनी फ्रेमचं सांगितलं, मी सामानाचं सांगतो. खरी उडी ग्रुपसेट (गिअर, शिफ्टर, चेन वगैरेंचा संच) आणि ब्रेक्समुळे आली.

शिमानो आणि श्रॅम ह्या सामान बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या. शिमानोने इलेक्ट्रॉनिक गिअर, म्हणजे डीआय२, २००९ मध्ये आणले. तेव्हा केबलवाले गिअर आणि इलेक्ट्रॉनिक हे दोन्ही पर्याय होते. श्रॅमने २०१५ मध्ये वायरलेस आणलं. मग २०२१ मध्ये शिमानोचं १२ स्पीडचं नवीन ड्युरा-एस आणि अल्टेग्रा आलं आणि त्यात केबलचा पर्यायच काढून टाकला. म्हणजे वरच्या दोन पायऱ्यांवर चढायचं तर बॅटरी, मोटर, सर्किट सगळं घेणं सक्तीचं.

त्याच काळात डिस्क ब्रेक. यूसीआयने २०१८ मध्ये रोड रेसिंगला त्यांना कायमची परवानगी दिली आणि बघता बघता कंपन्यांनी रिम ब्रेकच्या (चाकाच्या कडेला रबराने पकडणाऱ्या जुन्या पद्धतीच्या) महागड्या फ्रेम बनवणं जवळपास बंद केलं. डिस्कसाठी थ्रू-ॲक्सल, जाड फोर्क, हायड्रॉलिक लिव्हर, रोटर, कॅलिपर. वजन वाढलं. यूसीआयची किमान वजनाची मर्यादा २००० सालापासून ६.८ किलो आहे. रिम ब्रेकच्या काळात त्या आकड्याच्या जवळ जाणं तुलनेने सोपं होतं. आता डिस्क, इलेक्ट्रॉनिक गिअर आणि वारा कापणारा आकार एवढं सगळं घेऊन पुन्हा ६.८ ला यायचं तर सगळ्यात महागडं फायबर आणि सगळ्यात महागडी कार्बन चाकं लागतात. म्हणजे आधी वजन वाढवायला पैसे, मग तेच उतरवायला आणखी पैसे.

पावसाळी
चेनऑइल, पण डिस्क ब्रेकच्या विरुद्ध बोलू नका. जुलैमध्ये बोपदेव घाट उतरून बघा. कार्बन रिमवर रबराचे ब्रेक ओले असताना पहिला सेकंदभर काहीच होत नाही, आणि समोर टँकर. मला डिस्कने दोनदा तरी वाचवलंय. हा खर्च मी हसत करीन.

चेनऑइल
पावसाळी, घाटासाठी डिस्क हवेतच, त्याबद्दल वाद नाही. माझा वाद केबल आत लपवण्याबद्दल आहे. त्याचं एक उदाहरण सांगतो.

मी हौसेने मित्रांच्या सायकली दुरुस्त करतो. पूर्वी हेडसेटचं (हँडल ज्यावर फिरतं ते) बेअरिंग बदलायचं म्हणजे स्टेम (हँडल धरणारा तुकडा) सैल करा, फोर्क खाली घ्या, बेअरिंग बोटाने उचला, नवीन बसवा, ग्रीस लावा. चहा गार व्हायच्या आत काम संपायचं. आता ब्रेकच्या नळ्या हँडलच्या आतून, स्टेमच्या आतून, त्याच बेअरिंगच्या मधून फ्रेममध्ये जातात. वरचं बेअरिंग काढायचं तर आधी नळी सोडा, म्हणजे ऑइल गेलं. मग बेअरिंग. मग नळी पुन्हा ओवा, टोक कापा, नवीन ऑलिव्ह बसवा, आणि दोन्ही ब्रेक ब्लीड करा, म्हणजे ऑइलमधली हवा काढा, बुडबुडा राहिला की लिव्हर मऊ. शिमानोला मिनरल ऑइल, श्रॅमच्या बहुतेक रोड ब्रेकना डॉट फ्लुइड, अदलाबदल केली तर सील गेली. आणि आपल्या पावसात, घाम थेट स्टेमवर गळत असताना, हे बेअरिंग किती टिकतं हे ज्याने त्याने बघितलंच असेल. केसासारखी गंजलेली रेघ दिसते आधी, मग हँडल मधोमध अडकल्यासारखं वाटतं.

वारा किंचित कमी लागावा म्हणून ही सगळी खटपट. ताशी ४५ ने जाणाऱ्या रेसरला तिचा उपयोग आहे. पानशेतला जाऊन भजी खाणाऱ्या माझ्या मित्राला नाही, आणि पैसे मात्र दोघांनी सारखेच द्यायचे.

मुळशीकर
भज्यांसाठी ताशी ४५ ने जाणारे लोक मला माहीत आहेत.

आकडेमोड
:) मुळशीकर, त्यांना पोचल्यावर कांदाभजी गरम मिळतात, फायदा आहेच.

आता वजनाचं गणित मांडतो, कारण लोक त्यावरच सगळ्यात जास्त पैसे घालतात. समजा तुमचं वजन ७२ किलो आणि सायकल ८ किलो, एकूण ८०. सिंहगड पायथ्यापासून वरच्या पार्किंगपर्यंत तुम्ही ५० मिनिटांत चढता. सायकल एक किलोने हलकी केली तर एकूण वजन सव्वा टक्क्याने कमी झालं. चढावर वेळ साधारण त्याच प्रमाणात कमी होते, म्हणजे ३५-४० सेकंद. १०५ डीआय२ (शिमानोची अल्टेग्राखालची पायरी) आणि ड्युरा-एस ह्यांच्या संपूर्ण सेटमधला वजनाचा फरक अर्धा किलोच्या आसपास आहे, म्हणजे सिंहगडावर वीस सेकंदांपेक्षा कमी. सपाट रस्त्यावर तर हा फरक जाणवणारही नाही. तिथे वारा महत्त्वाचा, आणि वाऱ्याचा मोठा वाटा सायकलवर नाही, तुमच्या अंगावर येतो. कोपर आत घेतलं, अंगाला नीट बसणारी जर्सी घातली, तर फुकटात बरंच मिळतं.

वाईट_वळण
कोणी रुपयाबद्दल बोललंच नाही. २०१० च्या सुमारास डॉलर ४५-४६ रुपये होता. २०२५ संपताना ९० च्या आसपास. म्हणजे परदेशात किंमत एक पैसा वाढली नसती तरी आपल्याला ती जवळपास दुप्पट झाली असती. वर तिथेही वाढली.

आयातशुल्क
वाईट_वळण, बरोबर. पुढचं मी लिहितो, आयातीच्या कागदपत्रांचं काम करत असल्यामुळे.

पूर्ण सायकल बाहेरून आणली तर सीमाशुल्काचा बोजा ३५ टक्क्यांच्या आसपास आहे. जीएसटी पूर्वी १२ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. त्यामुळे थोडा दिलासा मिळाला. पण लोकांच्या लक्षात येत नाही ते हे की हे टक्के एकमेकांवर चढतात. समजा माल बंदरात एक लाखाला पडला. शुल्क धरून १,३५,००० झाले. आयातदाराने १५ टक्के ठेवले तर १,५५,२५०. दुकानदाराने २५ टक्के ठेवले तर १,९४,००० च्या वर. त्यावर ५ टक्के जीएसटी, झाले दोन लाखांच्या पुढे. हे मार्जिनचे आकडे मी उदाहरणादाखल घेतलेत, प्रत्येकाचे वेगळे असतात. पण ह्यात कोणीही फार हाव न धरता एक लाखाचे दोन लाख होतात.

आणि दुकानदाराला शिव्या देण्याआधी एवढं बघा. दहा लाखांची एक सायकल तो वर्षभर काचेत ठेवतो. पैसे अडकलेले, बाणेर-औंधचं भाडं चालू, आणि पुढच्या वर्षी नवीन रंग आला की जुनीवर सूट द्यायची.

सूस_खिंड
कोविडचं विसरू नका. २०२०-२१ मध्ये जगभर लोकांना अचानक सायकली हव्या झाल्या आणि तैवान, चीन, मलेशियाच्या कारखान्यांना माल पुरवता येईना. चाळीस फुटी कंटेनरचं भाडं २०२१ च्या सप्टेंबरमध्ये दहा हजार डॉलरच्या वर गेलं होतं, त्याआधी ते दीड-दोन हजार असायचं. किमती तेव्हा चढल्या. मग भाडं उतरलं, मागणी उतरली, गोदामं भरून वाहिली, पण छापील किमती फारशा उतरल्या नाहीत.

जुनीजर्सी
सूस_खिंड, त्या गोदामांखाली विगल आणि चेन रिॲक्शन ही परदेशी ऑनलाइन दुकानं चिरडली गेली, २०२३ मध्ये. आपल्यातल्या कितीतरी जणांनी पहिलं चांगलं सामान तिथूनच मागवलं होतं. टायर, कॅसेट, चेन. कस्टमचा धसका घेऊन पार्सलची वाट बघायची. ती दुकानं गेल्यावर स्पर्धा कमी झाली, हेही महागाईचं एक कारण मानायला हवं.

रोख_ठोक
मला इथे जरा वेगळं म्हणायचंय. शुल्क, रुपया, कंटेनर सगळं मान्य. पण अमेरिकेतच ती सायकल १४,००० डॉलरला आहे, तिथे आपलं शुल्क नाही. मग?

उत्तर असं की वरच्या सायकलची किंमत बनवायच्या खर्चावरून ठरत नाही, घेणाऱ्याच्या खिशावरून ठरते. कोलनागो २०२० मध्ये अबूधाबीच्या गुंतवणूक कंपनीकडे गेली. पिनारेल्लो ही सायकल कंपनी २०१६ मध्ये एल कॅटरटन ह्या गुंतवणूक कंपनीने घेतली, ज्यांचं नातं चैनीच्या वस्तू विकणाऱ्या मोठ्या फ्रेंच समूहाशी आहे. असे मालक आले की सायकल ही घड्याळासारखी, पर्ससारखी विकली जाते. पन्नाशीतला डॉक्टर, आयटीतला व्हाइस प्रेसिडेंट, बिल्डर, हे आज त्यांचं गिऱ्हाईक आहे. त्याला दहा लाख आणि बारा लाख ह्यात फरक पडत नाही, पण शेजाऱ्याकडे आहे त्यापेक्षा वरची हवी असते. मग प्रत्येक कंपनी आधीच्या वरच्याच्या वर आणखी एक मॉडेल काढते.

कार्बनकण
रोख_ठोक, बऱ्याच अंशी सहमत. फक्त एक जोडतो. तोच पैसा वाऱ्याच्या बोगद्यातल्या चाचण्यांना आणि संघांना जातो. स्पेशलाइज्डचा कॅलिफोर्नियात मॉर्गन हिलला स्वतःचा विंड टनेल आहे. टूर द फ्रान्सच्या संघांना सायकली देऊन वर पैसेही द्यावे लागतात. ते सगळं शेवटी ग्राहकाच्याच बिलात येतं.

मेधा_कोथरूड
सगळं वाचलं. आता माझी बाजू, आणि ती किमतीचीच आहे.

माझी उंची पाच फूट एक इंच. मला ४४ किंवा फार तर ४७ साइजची फ्रेम लागते. गेल्या वर्षी नवीन सायकल शोधत होते, बजेट दीड ते दोन लाख. पुण्यातल्या दुकानांत त्या किमतीत माझ्या साइजची एकही सायकल उभी नव्हती. ५२, ५४, ५६ आहेत, कारण ती खपतात. मागवून द्या म्हटलं तर "मॅडम, लहान साइज फक्त वरच्या मॉडेलमध्ये येईल." वरचं मॉडेल म्हणजे पाच लाखांच्या पुढे. एका दुकानात ५० साइजवर आखूड स्टेम लावून "चालून जाईल" म्हणाले. नव्वद किलोमीटरनंतर मानेला काय होतं ते त्यांना माहीत नाही, मला माहीत आहे.

तुम्ही सगळे दहा-बारा लाखांवर चर्चा करताय. ती सायकल दहा लाखांची असो की वीस, मला तिचं दुःख नाही. मला मधली सायकल हवी आहे आणि ती कोणी बनवतही नाही आणि आणतही नाही.

पावसाळी
मेधाताई, अगदी. माझ्या बायकोच्या बाबतीत हेच झालं. शेवटी मुंबईहून वापरलेली आणली.

घाटवेडा
मेधाताई, मी धागा काढताना जे सांगायचं होतं ते मला नीट मांडता येत नव्हतं, ते तुम्ही मांडलंत.

माझ्याकडे अजून ११ स्पीडचं केबलवालं अल्टेग्रा आहे, अल्युमिनियम फ्रेमवर. घाट, पाऊस, ६०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) सगळं झालंय तिच्यावर. केबल तुटली तर सासवडच्या साध्या सायकल दुकानातही काम भागतं. आज तिच्याच तोडीची नवीन घेऊ म्हटलं तर मिळत नाही. शिडीच्या खालच्या दोन पायऱ्या आहेत, वर सोन्याची पायरी आहे, मधल्या काढून टाकल्यात. ड्युरा-एस दहा लाखांना गेल्याचा राग नाही. चांगलं केबलचं अल्टेग्रा गेलं ह्याचा आहे. त्या सायकलवर पगारदार माणूस मोठा व्हायचा. पहिली साधी, दोन वर्षांनी चांगली, पाच वर्षांनी आणखी चांगली. आता पहिलीनंतर सरळ तीन लाख.

चेनऑइल
घाटवेडा, अगदी अंधार नाही. २०२३ मध्ये शिमानोने १२ स्पीडचं १०५ केबलमध्ये परत आणलं, आधी तेही फक्त डीआय२ मध्ये होतं. लोकांनी ओरड केली नसती तर आलं नसतं असं मला वाटतं. २०२५ मध्ये शिमानोचं क्यूज हे ग्रुपसेट ड्रॉप (खाली वळलेल्या) हँडलसाठीही आलं. दणकट आहे, चेन लवकर झिजत नाही, ब्रेव्हेवाल्यांनी, म्हणजे बीआरएम करणाऱ्यांनी, त्याकडे जरूर बघावं.

रँडो_सातारा
मी ब्रेव्हे करतो, म्हणून लिहितो. २००, ३००, ४००, ६०० करताना शेजारी कोणती सायकल आहे हे मी कायम बघतो. पहाटे तीनला खंबाटकीत ज्यांचे पाय चालत असतात त्यांच्यात अल्युमिनियमवाले भरपूर. ट्रायबन असते, जुनी मेरिडा असते. एकाने तर स्टीलच्या फ्रेमवर सुपर रँडोनर, म्हणजे ही चारही अंतरं, पूर्ण केलं. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला १,२०० किलोमीटरसाठी ९० तास मिळतात, तिथे तर लोक वाट्टेल त्या सायकली घेऊन येतात. त्या अंतरात सीट, बिब-शॉर्ट, फिटिंग आणि पोट हे चार नीट असले पाहिजेत. पाच लाख वाचले तर त्यातले पंधरा-वीस हजार चांगल्या फिटिंगवर घाला.

तात्पुरता
चिनी सायकलींचं काय? विन्स्पेस, एल्व्ह्स वगैरे. घ्यावी का?

कार्बनकण
चीनमध्ये चांगलं काम नक्की होतं. नावाजलेल्या कंपन्यांच्या फ्रेमसुद्धा तिथे आणि तैवानमध्येच बनतात. २०२५ पासून एक्सडीएस ह्या चिनी कंपनीचं नाव अस्ताना ह्या रेसिंग संघावर आहे आणि त्यांचे रेसर त्यांच्याच सायकलवर धावतात. युरोपातून व्हॅन रायसेल आहे, डेकॅथलॉनची, २०२४ पासून एका फ्रेंच रेसिंग संघाखाली. ह्या दोघांमुळे वरच्या किमतींवर दबाव येतोय आणि तो यायलाच हवा.

घेताना एवढं बघा: ज्या कंपनीचा पत्ता आहे, वॉरंटी लेखी आहे, आणि फ्रेमची चाचणी कोणत्या आयएसओ मानकाप्रमाणे झाली ते सांगते, तिचीच घ्या. मोठ्या ब्रँडचं स्टिकर लावलेली नक्कल पाव किमतीत मिळते, ती कितीही सुंदर दिसली तरी नको. फोर्क तुटला तर दात आणि जबडा जातो, हे मी गंभीरपणे सांगतोय.

मेधा_कोथरूड
आणि वापरलेली कार्बन घेताना?

कार्बनकण
मेधाताई, उजेडात नेऊन आधी रंग बघा. ब्रॅकेटपाशी, हेडट्यूबच्या खाली आणि सीटपोस्टच्या क्लॅम्पजवळ केसासारख्या रेघा आहेत का ते तपासा. मग नाण्याने हलकेच ठोकत जा. आवाज सगळीकडे टणक यायला हवा, मध्येच बद्द आला तर तिथे थर सुटलेले असू शकतात. फोर्क बाहेर काढून स्टीअरर (फोर्कची वरची नळी) बघायला मालक नाही म्हणाला तर सौदा सोडा. आणि स्टेमचे, सीटपोस्टचे बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळलेत का, हे विचारा. निम्म्या फ्रेम अपघाताने नाही, जास्त आवळल्याने जातात असं माझं निरीक्षण आहे.

रोख_ठोक
मग ठरलं का उत्तर? महाग का, तर: संख्या कमी, हाताचं काम, इलेक्ट्रॉनिक्स आणि डिस्कची सक्ती, श्रीमंत गिऱ्हाईक, रुपया आणि शुल्क.

आयातशुल्क
ह्यातल्या पहिल्या चारांवर आपला काही इलाज नाही. शेवटच्यावर आहे. पन्नास हजार ते दोन लाखांमधल्या सायकलींचं शुल्क कमी करा, अशी मागणी सायकल संघटनांनी लावून धरायला हवी. भारतात ह्या दर्जाच्या सायकली मोठ्या प्रमाणावर बनत नाहीत, मग ते शुल्क नेमकं कोणाचं संरक्षण करतंय?

कार्बनकण
बनत नाहीत, पण बनू शकतात. चाकण, भोसरी, तळेगावच्या पट्ट्यात जगभरच्या मोटारींचे सुटे भाग बनतात. साचे करणारे आहेत, सीएनसी आहेत, कंपोझिटची माणसं आहेत. अल्युमिनियमची उत्तम फ्रेम आणि कार्बन फोर्क, केबलचं १०५, लहान साइजपासून सगळे साइज, एवढं कोणी इथे मनावर घेतलं तर मी सुट्टीच्या दिवशी फुकट काम करायला तयार आहे.

मेधा_कोथरूड
पहिली ४४ माझी. आगाऊ रक्कम आजच देते.

सायकलकाका
दुसरी नातवासाठी लिहून ठेवा.

घाटवेडा
कार्बनकण, हे बोलून सोडू नका. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. भोसरीत भेटू, चेनऑइल तुम्हीही या.

बाकी एक काम: माझ्या अल्टेग्राचा उजवा शिफ्टर आतून केबल कुरतडायला लागलाय. कोणाकडे आर८००० चा (हेच अल्टेग्रा), ११ स्पीडचा, रिम ब्रेकवाला उजवा लिव्हर पडून असेल तर कळवा. वाजवी किंमत देईन, येऊन घेऊन जाईन.

जुनीजर्सी
माझ्याकडे आहे. हूडचं रबर फाटलंय, आतली यंत्रणा उत्तम. धायरीला या, रविवारी दहानंतर घरी आहे.